बियाण्याचं धान

शहाऐंशीच्या थंडीत मळणी आटोपली आणि बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा विधीही झाला, तरी बियाण्याचं धान अंगणात वाळतच होतं. दरवर्षी बाबा ते बांबूच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, भरून तिचं तोंड शेणामातीनं लिंपायचे. मग पेरणीपर्यंत ढोली कोणी उघडायचं नाही.

धान वाळलं की नाही, हे आमच्याकडे दाताखाली दाणा फोडून ठरवतात. बाबा तो दाणा माझ्या वहिनीला, रुखमाला द्यायचे. मी चंद्रपूरला कॉलेजात शिकवायची. सुटीत आले की ओसरीवरून पुस्तकाआडून ते बघायची. पान उलटायचं राहून जाई.

त्या दिवशी बाबांचे मित्र नानाजी बियाणं न्यायला आले.

"पाह्य व रुखमा, वाळलं का? मले त दात नाई."

रुखमानं दाणा चावला. "नाई मामाजी. अजून ऊन पाह्यजे."

"मागच्या खेपेले बी तू हेच म्हणे. बरं, तू म्हणशील तसं. बापूराव सांगेच, घरातली अक्कल म्हणजे माही सून."

"आणि मी, नानाजी?" हसत विचारायचं होतं. जमलं नाही.

"तू? तू त शिकलेली व, सत्यशीला!"

मी उठले. धानात हात घालून खालचा दाणा घेतला, चावला. कट्‌कन तुटला. आणखी एक घेतला, तोही तसाच. धान केव्हाच वाळलं होतं. रुखमा चुकली होती, आणि नानाजी समोर बसले होते.

मी तिच्याकडे पाहिलं. ती रिकाम्या ढोलीकडे बघत होती. चुकली नव्हती ती. तिला ठाऊक होतं. ढोली लिंपली की बाबांच्या हातचं शेवटचं काम संपणार होतं.

"ओलंच आहे," मी म्हणाले.

"घ्या! बापाची अक्कल पोरीले बी आली म्हणा!" नानाजी खूश होऊन निघाले. इतकी वर्षं जे ऐकायला तरसले होते, ते असं मिळालं, खोटं बोलून.

खालचं धान वर यावं म्हणून रुखमा त्यात पाय फिरवू लागली. मला तिचा आधीपेक्षा जास्त हेवा वाटला. शोकावर मी वर्गात तासभर बोलू शकते. बाबांना आणखी थोडं अंगणात थांबवून ठेवावं, हे मात्र तिला सुचलं होतं.

"मी फिरवू पाय?"

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल काढा, बाई."