चंद्रभागाबाईंचा सरदार पेरू

चंद्रभागाबाईंच्या मते जगात कुणालाच काही धड येत नव्हतं, आणि झाडं लावणं तर मुळीच नाही. बत्तीस वर्षं शाळेत परिसर अभ्यास शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सिडकोतल्या घरामागच्या हातभर अंगणात त्यांचा पेरू होता, सरदार जातीचा. नऊ वर्षांपूर्वी कलम आणून त्यांनी स्वतः लावलेला. आल्यागेल्याच्या हातात त्या पेरूंची पिशवी कोंबायच्या आणि वर ऐकवायच्या, "असा पेरू बाजारात शोधून मिळायचा नाही." घेणारे बिचारे मान डोलवायचे. करतात काय!

आता मुलाने, योगेशने, गुलाबी गराच्या पेरूचं कलम कुंडीत वाढवलं होतं. तेही मोबाइलवर व्हिडिओ बघून! ते जमिनीत लावायचं तर ऊन हवं, आणि ऊन सगळं सरदाराने अडवलेलं.

"आई, जुनं झाड काढूया," रविवारी सकाळी तो म्हणाला.

"गच्चीला लागलेलं झाड काढायचं आणि ही काडी लावायची? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्या पेरूत नुसत्या बिया असतात गं."

"पेरूत बिया नाही तर काय पेढे असतात?"

बाईंनी तुच्छतेने कुंडीत डोकावून बघितलं. कलमाच्या जोडाखालून एक कोंब तरारून वर आला होता. झालं! बाईंना हवंच होतं.

"अरे गाढवा, हा आधी खुडायचा असतो. खाली असतो तो गावठी खुंट, वर बांधलेली असते ती चांगली जात. खालच्याला माजू दिलंस की वरचं कलम मरतं आणि उरतो रानटी पेरू. एवढंही तुझ्या मोबाइलने सांगितलं नाही? चल, जोड कसा राखतात ते माझ्या झाडाला बघ."

दंडाला धरून त्यांनी त्याला सरदारापाशी नेलं. बुंध्याशी साचलेला पाचोळा बाजूला सारला, चष्मा सारखा केला आणि खाली बसल्या. बुंध्याच्या एका अंगाला अंगठ्याएवढं वाळकं थोटूक होतं. त्याला नर्सरीची प्लास्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली. कलम केव्हाच मेलं होतं. अख्खं झाड त्या पट्टीच्या खालून वर आलेलं.

"कुठाय जोड?" योगेशने विचारलं.

बाईंनी वळून बघितलं. सून तृप्ती शेजारीच कपडे वाळत घालत होती. सायखेड्याच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. जंगली खुंटावर द्राक्षाची कलमं बांधताना बघतच ती वाढली होती. तिने मान वर केली नाही, तेवढ्यावरून बाई काय ते समजल्या.

"तुला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले त्याच आठवड्यात दिसलं, आई."

"सहा वर्षं! आणि बोलली नाहीस?"

"तुमच्यापुढे झाडाबद्दल कोण बोलणार?"

"अगं, मग एवढे पेरू खाल्लेस ते?"

तृप्तीने साडीला चिमटा लावला. "खाल्ले कुठे? मागच्या गल्लीतल्या बकऱ्यांना घालत होते. पहिली दोन वर्षं खाल्ले त्यांनी."

योगेशला हसू फुटलं. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. लाज वाटली, फार वाटली, पण ती दाखवतील तर त्या चंद्रभागाबाई कसल्या! गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"दात काय काढतोस? कुऱ्हाड घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या हातात दे. तुला तीही धरता यायची नाही."