जयमालाताई लिहितात

पिंपळगाव राजाहून तीन कोसांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर दहाव्या मिनिटाला ते कुठल्यातरी ग्रुपवर पडेल आणि खाली पन्नास जण हात जोडून मोकळे होतील. या गावाचाही ग्रुप आहे, ‘आपलं गाव आपला अभिमान’ नावाचा. रस्त्यात समोरासमोर आली तर ‘जेवले का’ यापलीकडे न बोलणारी माणसं त्यात पहाटे पाचला एकमेकांना गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवतात. सुविचार पाठवून झाला की उठून घरासमोरच्या नालीत थुंकतात.

या ग्रुपवर सगळ्यांत गोड लिहिणारं माणूस म्हणजे सौ. जयमालाताई, वॉर्ड नंबर दोनच्या ग्रामपंचायत सदस्या. कुणाचा वाढदिवस असो, कुणाच्या पोराला नोकरी लागो, कुणी वारो, ताईंचा मेसेज पहिला. सोबत पैठणी नेसून हात जोडलेला फोटो. गावातल्या बायकांना वाटायचं, काय बाई लिहिते! आणि पुरुषांना काही वाटायचंच नाही, कारण त्यांना ठाऊक होतं. नाव ताईंचं, नंबर ताईंचा, पण फोन राहायचा भागवतच्या शर्टाच्या खिशात. भागवत म्हणजे ताईंचा नवरा. खुद्द जयमालाजवळ एक बटणांचा फोन होता, माहेरच्यांशी बोलण्यापुरता.

बाई बारावी पास होती, अक्षर मोत्यासारखं होतं. पण निवडून आली त्या दिवसापासून सही सोडून तिला कुणी काही लिहायला सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात एकदा ती पिठाच्या गिरणीवर गेली, तर एका बाईनं तिचे दोन्ही हात धरले. म्हणाली, “ताई, माह्या सासऱ्यावर तुमी किती चांगलं लिव्हलं हो. वाचून रडू आलं मले.” तो म्हातारा मेला हेच जयमालाला माहीत नव्हतं. तिला कसंतरीच झालं. त्याच वेळी सांगून टाकायचं होतं, पण गिरणीवर चार बायका कौतुकानं बघत होत्या आणि कौतुक कुणाला नको असतं? तिनं मान डोलावून नुसतं ‘हाव’ म्हटलं. ते एक ‘हाव’ मग दोन वर्षं चाललं.

तर आता पाण्याचं. वॉर्ड दोनची पाइपलाइन भागवतच्या मावसभावानं टाकली होती. सरळ रस्त्यानं न्यायची तर मुरूम खोदावा लागतो, म्हणून त्यानं ती आयत्या नालीतून नेली. वरून गावाची घाण वाहते, खालून गावाचं पिण्याचं पाणी. उन्हाळ्यात जोड सुटले आणि नळाला वास यायला लागला. जयमालाच्या शेजारी कोकिळा राहायची. दोघी एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आलेल्या, दरसालच्या कुरडया एकमेकींच्या हातानं घातलेल्या. कोकिळाची नऊ वर्षांची प्रेरणा काविळीनं पडली आणि तिला खामगावला दवाखान्यात भरती करावं लागलं. जाण्याआधी कोकिळानं आपल्या नळाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता. बादलीत काळसर पाणी आणि त्यात केसासारखी बारीक, हलणारी अळी.

पाच दिवसांनी कोकिळा कपडे न्यायला घरी आली. जयमाला धावत गेली, पोरीचं विचारलं. कोकिळा घड्या घालत राहिली. मग म्हणाली, “आता तुमाले ताई म्हनू का मॅडम?”

“असी काऊन बोलून राह्यली व?”

कोकिळानं आपला फोन तिच्यापुढे धरला. व्हिडिओच्या खाली जयमालाताईंनी लिहिलं होतं: ‘आम्हीही घरी हेच पाणी पितो. पाणी शुद्ध आहे. काही भगिनींना भांडी घासायचा कंटाळा असतो, त्यांनी कृपया गावाची बदनामी करू नये.’ त्याखाली सत्तेचाळीस अंगठे आणि सरपंच हिंमतरावांचं ‘अगदी बरोबर ताई’.

जयमालानं ते दोनदा वाचलं. ‘मी नाही लिहिलं’ हे ओठांवर आलं होतं, पण दोन वर्षं गोड बोलाचं श्रेय घेतलं आणि कडू आलं की हात झटकायचे, हे कोणत्या तोंडानं म्हणणार? तेवढ्यात कोकिळा पिशवी उचलून एसटीकडे निघूनही गेली.

घरी येऊन तिनं अंगणातल्या नळाखाली पेला धरला. घरात फिल्टर होता, मशीनचं पाणी प्यायची सवय होती, नळाचं पाणी तिनं वर्षभरात तोंडात घेतलं नव्हतं. ‘आम्हीही घरी हेच पाणी पितो.’ तिनं पेला ओठांपर्यंत नेला. वास आला आणि हात थांबला. प्यायची हिंमत होईना. लेकरं मात्र पीत होती, कोकिळाची आणि अख्ख्या आळीची. तिनं पेला नालीत ओतला आणि पदरानं तोंड पुसलं, पाणी लागलेलं नसताना.

संध्याकाळी भागवत आला तेव्हा तिनं विचारलं. तो चिडला नाही. भागवत कधी चिडत नसे, तेच जास्त चीड आणणारं होतं. त्यानं समजूत काढली की राजकारणात असं लिहावं लागतं, उद्या पाइपलाइनची चौकशी लागली तर घरच्याच माणसाचं नाव येईल, आणि कोकिळाच्या मागे कोण आहे ते तुला ठाऊक नाही. कोकिळाच्या मागे कोणी नव्हतं. तिच्यापुढे आजारी पोर होती, एवढंच.

“माह्या नावानं माह्याच मैतरणीले तुमी घाण म्हटलं,” जयमाला म्हणाली. “तो फोन मले द्या.”

“अवं, बँकेचे मेसेज येतात त्याच्यावर. तुले काय समजते? मी तुहंच नाव मोठं करून राह्यलो.” मग तिचा चेहरा पाहून त्यानं कबूल केलं की उद्या ग्रुपवर कोकिळासाठी काहीतरी चांगलं टाकतो.

आणि टाकलं की. दुसऱ्या दिवशी तिनं ते तिसऱ्याच बाईच्या फोनवर पाहिलं. रंगीत फलक होता. मधोमध पैठणीतली जयमाला, वर सरपंच, त्याच्यावर तालुक्याचे दोन पुढारी, आणि खाली कोपऱ्यात बोटभर जागेत सलाइन लावलेली प्रेरणा. ‘चि. प्रेरणा लवकर बरी हो. शुभेच्छुक : सौ. जयमालाताई आणि मित्रमंडळ.’ पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. तो फोटो कोकिळाच्या नवऱ्यानं कुणा नातेवाइकाला पाठवला होता, तिथून फिरत फिरत इथं आला होता. दुखणंही सोडलं नाही मेल्यांनी. आजारी लेकराचाही फलक केला. जयमालाला स्वतःच्या त्या हसऱ्या फोटोची इतकी किळस आली की तिनं पैठणी ट्रंकेच्या तळाशी घातली.

आठवड्यानं महिला ग्रामसभा आली. नियम असा की गावाच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, त्यांचे ठराव पुढे न्यायचे. नियम चांगला आहे. रीत अशी की ग्रामसेवक आठ-दहा बायका गोळा करतो, पंचायतीच्या पायरीवर बॅनर धरायला लावतो, फोटो काढतो, कोऱ्या पानावर सह्या घेतो आणि चहा पाजून घरी पाठवतो. ठराव मागाहून लिहितात, आणि बायका सर्वानुमते काय म्हणाल्या ते बायकांना कधीच कळत नाही.

त्या दिवशी चौदा-पंधरा जणी आल्या. पोर दवाखान्यातून घरी आली होती, म्हणून कोकिळाही आली आणि दाराशी बसली. सरपंच पुरुष, म्हणून अध्यक्षस्थानी सदस्या जयमालाताई. फोटो निघाला, तो ग्रामसेवकानं लगेच भागवतला पाठवूनही दिला, रजिस्टर फिरायला लागलं. बायका उठू लागल्या तशी जयमाला म्हणाली, “बसा. सभा व्हायचीच हाये अजून.”

ग्रामसेवक हसला. त्याला वाटलं, ताई गंमत करतात.

तिला भाषण येत नव्हतं. तिनं सरळ सांगितलं की त्या ग्रुपवर जे काही जयमालाताई लिहितात त्यातलं एक अक्षर तिचं नाही. तो फोन तिनं कधी हातात धरलेला नाही. कोकिळाबद्दल लिहिलं तेही नाही, प्रेरणाच्या फोटोचा तमाशा तोही नाही.

मग रुख्मिणी नावाची थोराड बाई होती, ती म्हणाली, “अन् दोन वर्सं वाहवा कोनं घेतली मंग?”

“म्याच घेतली,” जयमाला म्हणाली. “गोड लागली म्हनून घेतली. मले माहीच शरम वाटते.”

रुख्मिणीचं समाधान झालेलं दिसलं नाही. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कोळसा उगाळावा तितका काळाच. अंगावर आलं तेव्हा बाई नवऱ्यावर ढकलते, असंच त्यांच्या डोळ्यांत होतं. कोकिळा तर तिच्याकडे बघतच नव्हती. जयमालाला कळलं की आता शपथा घेऊन उपयोग नाही. आपल्या बोलण्याचा भरवसा आपणच संपवला.

तेवढ्यात तीन-चार फोन एकदम वाजले. कोकिळानं पदराखालून आपला काढला, पाहिला, आणि तिचा चेहराच बदलला. मग तिनं मोठ्यानं वाचलं, “ ‘आजची महिला ग्रामसभा माझ्या अध्यक्षतेखाली खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली. पाण्याबाबत एकही तक्रार आली नाही. सर्व भगिनींचे मनःपूर्वक आभार. आपलीच, जयमालाताई.’ ” खाली पायरीवरचा फोटो होता, पाव तासापूर्वीचा.

सगळ्या जणी जयमालाच्या हातांकडे पाहू लागल्या. दोन्ही हात रिकामे होते.

कोकिळा वाचतच राहिली. अंगठे यायला लागले होते. हिंमतराव. भागवतचा मावसभाऊ. मग, “ ‘रुख्मिणीबाई : खूप छान सभा झाली ताई.’ ”

रुख्मिणी पाटावरून अर्धी उठली. “मी? अवं, मी त इथं बसली. माहा फोन पोराजवळ हाये.” तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू दुसरी कुणी रुख्मिणी खोलीत असेल. “मी कवा बोलली व बाप्पा?”

“अजून दोन नावं हायेत,” कोकिळा म्हणाली आणि तीही वाचली. त्या दोघीही तिथंच बसल्या होत्या. एकीचा स्वतःचा फोन होता, पण तो तिच्या नातवाला घरी गेमसाठी हवा म्हणून ती ठेवून आली होती. दुसरीकडे फोन नव्हताच. तिच्या नावाचा एक आहे हे तिला त्या क्षणी कळलं.

रुख्मिणी दाराबाहेर जाऊन खाकरून थुंकली आणि परत येऊन पहिल्या रांगेत बसली.

ग्रामसेवक उभा राहिला होता. अवघडून म्हणाला की सभा तर संपल्याचं जाहीर झालं, आता ठराव घ्यायचा तर एकदा भाऊंना फोन करून विचारलेलं बरं.

“कोनत्या भाऊले?” कोकिळानं विचारलं. “ह्या खोलीत भाऊ एकलेच तुमी.”

तो पेन मात्र सोडेना. जयमालानं त्याच्या हातातून पेन घेतलं, रजिस्टर आपल्याकडे ओढलं. बायकांनी आधीच सह्या करून टाकलेल्या त्या कोऱ्या पानावर सह्यांच्या वर जागा होती. तिनं लिहिलं: ‘नळाचे पाणी घाण आहे. आमची मुले त्याने आजारी पडली. नालीतली पाइपलाइन उखडून काढावी.’

सदस्या झाल्यापासून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली ती पहिली तीन वाक्यं. लिहून झाल्यावर तिनं ती सगळ्यांना वाचून दाखवली, आणि हे तिचं स्वतःचं म्हणणं आहे का, ते एकेकीला नाव घेऊन विचारलं.