तीन किलो तीनशे

फोटोवालीने पाठवलेल्या यादीत नऊ वस्तू होत्या. पिशवीत अकरा निघाल्या. स्टुडिओच्या बाकावर सुनेने त्या एकेक काढून मांडल्या. सहा डायपर, दोन सुती दुपटी, घरची एक शाल. इथे नऊ संपल्या. त्याखाली दुधाची एक बाटली आणि दूधपावडरचा सील न फोडलेला डबा.

“हे यादीत नव्हतं,” ती म्हणाली.

“यादीत अक्कलही नव्हती. ती पण घरूनच आणावी लागते,” नणंद म्हणाली आणि बाटली उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

बाळ बारा दिवसांचं होतं. फोटोंची वेळ नणंदेने घेतली तेव्हा ते जन्मलंही नव्हतं, त्यामुळे या कार्यक्रमाची मालकी आपलीच असं ती धरून चालली होती. सासू बाकाच्या बरोबर मध्ये बसली होती, कोणाला शेजारी बसता येणार नाही अशी. नवरा उभा होता. घरी असो की बाहेर, आई आणि बहीण दोघी असल्या की तो उभाच असे.

“फोटो होईपर्यंत काय लाड करायचे ते कर,” सासू म्हणाली. “घरी गेलो की वरचं दूध सुरू. पाजायला ताई राहील महिनाभर. तू झोपा काढ.”

“मी हो म्हटलेलं नाही, आई.”

“तुला विचारलं कोणी?”

विचारलं नव्हतंच. काल ती बाळाला अंघोळ घालत असताना बाहेर तिघांचं ठरलं होतं. कारण फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. चौथा दिवस, तीन किलो तीनशे. अकरावा दिवस, तीन किलो शंभर. दोन्ही वेळा बाथरूममधल्या काट्यावर नवरा आधी बाळाला घेऊन उभा राहिला, मग एकटा; वजाबाकी सासूने केली. पहिल्या वेळी सून टाक्यांच्या दुखण्याने गोळी घेऊन झोपली होती. दुसऱ्या वेळी दारात उभी राहून तिने सासूचे शब्द ऐकले, “दोनशे ग्रॅम वितळलं पोरगं. आईच्या अंगाला दूध नाही, नुसता तोरा आहे.”

सून पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. एक नमुना दोनदा मोजल्याशिवाय ती सही करत नसे. दवाखान्याच्या कागदावर जन्माचं वजन तीन किलो पन्नास होतं. पहिल्या काही दिवसांत बाळं जरा उतरतात, मग चढतात. हे मात्र चार दिवसांत अडीचशे चढलं आणि मग आठवडाभरात दोनशे उतरलं. हे तिच्या गळी उतरत नव्हतं. तिने तसं विचारलं, तर सासू म्हणाली, “म्हणजे माझे डोळे फुटले?” आणि नणंद म्हणाली, “प्रयोगशाळेला पोराचं वाढलेलं वजन बघवत नाही आणि घटलेलंही पटत नाही.” काल दिवसात आठ डायपर ओले झाले, हे सुनेने मोजून सांगितलं. “ओल्या डायपरने पोट भरतं का?” या नणंदेच्या टोमण्यावर नवरासुद्धा हसला होता. ते हसणं ती विसरली नव्हती.

आतून फोटोवाली आली. हात कोपरापर्यंत धुतलेले, अंगठ्या काढलेल्या. “दोन तास जागं ठेवलंत? सैल कपडे? पोटावर इलॅस्टिकचा वळ नको, तो फोटोत दिसतो.”

“सगळं केलंय,” सून म्हणाली.

“जागं ठेवायला हिला काय त्रास?” सासू म्हणाली. “उपाशी पोर आपोआप जागं राहतं.”

“आजी, आत या. दार लवकर लावा, उष्णता जाते.”

“आजी मी बाळाची. तुमची नाही.”

आतली खोली भट्टीसारखी होती. भिंतीवरच्या तापमापीत बत्तीस अंश. दोन हीटर, खिडकीला पांढरा पडदा, मधोमध बीनबॅग आणि शेजारी एक उथळ टोपली. फोटोवालीने बाळाचे कपडे उतरवले, कोपऱ्यातल्या बाळांच्या काट्यावर दुपटं घातलं, आकडा शून्यावर आणला आणि बाळाला ठेवलं.

“टोपली उलटू नये म्हणून तळाशी वजनं ठेवते, बाळाच्या दुप्पट,” ती म्हणाली. “तीन किलो एकशे दहा.”

“ऐकलंत?” सासूने टाळी वाजवल्यासारखे हात जोडले. “आता काटाही माझ्या बाजूने बोलला. आठवड्यात एकशे नव्वद ग्रॅम खाल्ले हिने माझ्या नातवाचे!”

“आता पोटभर पाजा,” फोटोवाली म्हणाली. “पोट भरल्याशिवाय गाढ झोपणार नाही, आणि झोपल्याशिवाय मी हात लावणार नाही.”

सुनेने बाळाकडे हात केले, त्याआधी नणंदेने ते उचललं होतं. “गरम पाणी मिळेल का हो? दादा, डबा फोड.”

“ताई, द्या त्याला.”

“देते की, बाटली. तुझ्या नादाने फोटो वाया घालवू?”

बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. नवरा डबा हातात धरून उभा होता. त्याने झाकणाखाली नख घातलं, मग बायकोकडे पाहिलं. “जाऊ दे ना गं. एकदाच.”

“तू नख काढ तिथून,” ती म्हणाली. त्याने काढलं.

“भांडण बाहेर,” फोटोवाली म्हणाली. “खोली आधीच तापलेली आहे. पाजायचं कोणी ते बाळाच्या आईने सांगायचं. तोवर मला घरचे फोटो दाखवा कोणीतरी. रंग कसे आवडतात ते कळेल.”

आपल्याला विचारलं म्हणून नणंद जरा फुलली. एका हाताने बाळ खांद्याला लावून तिने फोन पुढे केला. “हा बघा, चौथ्या दिवशीचा. वजन करताना मीच काढला. काय गुबगुबीत दिसतोय! तेव्हा होता म्हणा.”

“प्रकाश वाईट आहे,” फोटोवाली म्हणाली. “पण विणकाम छान. बाहेर बाकावर आहे ती हीच शाल ना?”

“माझ्या हातची,” सासू म्हणाली. “दुहेरी लोकर. चार महिने विणत होते. टोपलीत तीच घालायची, दुसरी चालणार नाही.”

सुनेने नणंदेच्या हातातला फोन ओढून घेतला. बाथरूमचा काटा, त्यावर नवऱ्याचे अनवाणी पाय, आणि त्याच्या कुशीत गळ्यापासून तळव्यापर्यंत त्या शालीत गुंडाळलेलं बाळ.

“शालीसकट मोजलंत?”

“मग काय गारठवायचं होतं?”

“आणि काल?”

“काल उकडत होतं. काल नुसतं लंगोटावर.” सासू बोलता बोलता थांबली.

“शाल वजा केली होती?”

“शालीचं काय एवढं! लोकर ती. कापसासारखी.”

“तू एकटा उभा राहिलास तेव्हा शाल कुठे होती?” हे तिने नवऱ्याला विचारलं.

“आईकडे,” नवरा म्हणाला. “बाळाबरोबर.”

नणंदेच्या खांद्यावरून सुनेने बाळ काढून घेतलं. या वेळी कोणी धरून ठेवलं नाही. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली आणि खोलीकडे पाठ न करता, पदर न ओढता तिने त्याला अंगावर घेतलं. टाहो एका घोटात तुटला. गिळण्याचा बारीक आवाज तेवढा येत राहिला.

“मोजायची काही गरज नाही,” सासू म्हणाली.

“आहे,” सून म्हणाली. “दुपटं काढा, काटा शून्यावर आणा, मग शाल ठेवा. दोनदा मोजा.”

फोटोवालीने बाकावरून शाल आणली, चौघडी केली आणि पारड्यात ठेवली. आकडे हलले आणि थांबले. तिने शाल उचलली, शून्य येऊ दिलं, पुन्हा ठेवली.

“तीनशे पंच्याऐंशी ग्रॅम. दोन्ही वेळा.”

“म्हणजे चौथ्या दिवशी बाळ होतं दोन किलो नऊशे पंधरा, आणि तिथून आजपर्यंत ते चढतच आलंय,” सून म्हणाली.