मुदतीनंतर आलेली वही

विधिमंडळाच्या आरोग्य समितीचे सचिव नियमांचे इतके पक्के होते की कचेरीत त्यांना सगळे 'नियमावली' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं.

सरकारनं आडगावांतली छोटी प्रसूतिकेंद्रं बंद केली, तेव्हा त्याची चौकशी या समितीकडे आली. साक्षीच्या दिवशी अशाच एका केंद्रातली नर्स दोन बस बदलून येऊन दालनाबाहेर बसली होती. सचिव दिसताच तिनं एक लांबट वही पुढे केली. केंद्राला टाळं लागल्यापासून एकोणीस बायका वाटेतच बाळंत झाल्या, चार बाळं गेली, एक आईही गेली. तारीखवार सगळं लिहिलंय, असं तिनं भराभर सांगितलं.

"एवढी समितीला द्याल का, दादा?"

सचिवांनी वही न उघडताच परत केली. लेखी पुरावा आठ दिवस आधी यावा लागतो, आता जे असेल ते तोंडी सांगा, असं त्यांनी तिला समजावलं. अध्यक्षांच्या परवानगीनं उशिरा आलेला कागदही दाखल होतो, हे पोटकलम त्यांना तोंडपाठ होतं. पण कामकाज आधीच लांबलं होतं, आणि आत जाऊन विचारणं त्यांच्या जिवावर आलं.

माईकसमोर नर्स गांगरली. 'बायकांचे फार हाल होतात' एवढंच दोन-तीनदा म्हणाली. कुणीतरी आकडा विचारला, तसा तिचा हात पिशवीकडे गेला. तिनं एकदा सचिवांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मग खात्याचे संचालक शांतपणे म्हणाले की आमच्याकडे एकही तक्रार नाही. अहवालात तेच उतरलं: 'विपरीत परिणाम आढळून आला नाही.' मसुदा सचिवांच्याच हातचा होता.

सहा महिन्यांनी एक फाईल त्यांच्या टेबलावर आली. आणखी चाळीस केंद्रं बंद करायचा आदेश होता, आणि आधार म्हणून त्यांचंच वाक्य, शब्दही न बदलता. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला काय सांगताय? अध्यक्षांना सांगा."

अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत.

"मला तेव्हाच विचारायचंत. मी थांबले असते हो."

त्यांनी चौकशी पुन्हा उघडली आणि वही आणायला सचिवांनाच धाडलं. नर्स आता तालुक्याच्या रुग्णालयात कामाला होती. तिनं कपाटातून वही काढून दिली. सचिव माफी मागू लागले, तसं तिनं त्यांना थांबवलं.

"नियम मला माहीत नव्हते, दादा. तुम्हाला होते."

वही छातीशी धरून ते तसेच परतले.

नव्या अहवालानंतर चाळीसचा आदेश मागे घेतला गेला, आधी बंद केलेल्यांपैकी अकरा केंद्रंही पुन्हा उघडली. नर्सचं मात्र नाही; पहिल्या अहवालानंतर ती इमारत गोदामाला देऊन टाकली होती. हे तिला कळवायचं पत्र लिहायला सचिव स्वतः बसले. सवयीनं 'कळविण्यास खेद होतो' असं लिहून गेले, आणि ते खोडलं. त्या जागी काय लिहावं हे त्यांना दुपारभर सुचलं नाही. शेवटी 'तुमचं केंद्र माझ्यामुळे गेलं' एवढं लिहून त्यांनी खाली सही केली. उत्तर आलं नाही, आणि येईल असं त्यांना वाटलंही नव्हतं.