चौदा जणींचा अर्ज

चित्रा भागवत सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर होती. अमेरिकेत शिकताना ती एका सोरॉरिटीत होती. सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना; एकदा आत आलं की नातं जन्मभराचं. परक्या गावातल्या पहिल्या हिवाळ्यात त्याच मुलींनी तिला सांभाळलं होतं. त्यामुळे २०१४ साली सोरॉरिटीच्या मुख्यालयाने सिंगापुरात एक शाखा काढायचं ठरवलं आणि दोन कॉलेजं बघून अहवाल द्यायला सांगितलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली.

पहिलं मोठं विद्यापीठ होतं. वसतिगृहं, हॉल, हजारो विद्यार्थी. दुसरं बेडोककडचं खासगी कॉलेज, एका ऑफिस इमारतीचे तीन मजले. तिथे शिकणाऱ्या जाईने चौदा जणींच्या सह्यांचा अर्ज पाठवला होता. दर शनिवारी त्या एका रहिवासी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत जमत. नेपाळच्या, व्हिएतनामच्या, इंडोनेशियाच्या, भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या मुली.

"कुणी आजारी पडलं की आम्ही आळीपाळीने जेवण पोचवतो," एका शनिवारी चित्रा तिथे गेली तेव्हा जाई म्हणाली. तिचे वडील बोटीवर इंजिनियर होते. चित्रा निघताना जाईने मराठीत विचारलं, "मावशी, आमचं होईल ना?"

"मी सांगते त्यांना. काय ठरेल ते तुला फोन करून कळवीन."

अहवाल लिहायला बसल्यावर चित्राला वाटलं, मुलगी मराठी म्हणून आपण झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. तिने लिहिलं: 'मुली उत्साही आहेत, पण हक्काची खोली नाही, कोर्स दोन वर्षांचा, गट टिकणं अवघड.' यातलं काहीच खोटं नव्हतं. जेवणाच्या डब्यांबद्दल मात्र तिने एक ओळही लिहिली नाही.

मोठ्या विद्यापीठाची निवड झाली. जाईला फोन करायचा चित्राने आज-उद्या करत महिना घालवला. मग इतक्या उशिरा काय सांगायचं म्हणून केलाच नाही.

दोन वर्षांत विद्यापीठातली शाखा बंद पडली. तिथली प्रत्येक मुलगी आधीच चार क्लबांत होती. बैठकीला कुणी येईना. बेडोकच्या मुली अजून तयार आहेत का, असं मुख्यालयाने विचारलं. चित्राने जाईला फोन लावला. जाई आता नोकरी करत होती. यिशुनच्या एका हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, दोघी भेटल्या.

"तिथे आता कुणी जमत नाही," जाई म्हणाली. "सोरॉरिटीचं नाव मिळालं नाही तरी भेटत राहू, असं मी म्हणत होते. पण तुमच्याकडून काहीच आलं नाही. मुलींना वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी असेल. हळूहळू यायच्या बंद झाल्या."

चित्राने तिला सगळं सांगितलं, झुकत्या मापाच्या भीतीचंसुद्धा.

जाई म्हणाली, "मराठी म्हणून नकोच होतं, मावशी. तुम्ही बघितलं होतं तेवढं लिहिलं असतंत तरी पुरलं असतं. आणि फोन करून 'नाही' म्हटलं असतंत तरी चाललं असतं."

तिची ड्यूटीची वेळ झाली होती. ती नमस्कार करून गेली. चित्राने मुख्यालयाला कळवलं की तिथे आता कुणी उरलेलं नाही, आणि यापुढे कॉलेजं निवडायचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं.