पान वाचल्याशिवाय घोट नाही

मी एक जुनी चामड्याची बुधली आहे. बोकडाच्या कातड्याची, आतून राळ लावलेली. मित्रांनो, माझ्यात वाइन भरतात आणि मान मागे टाकून, तोंड न लावता, वरून धार घेतात. धार शर्टावर सांडली की सगळे हसतात.

मला ओलेगेर मास्तरांनी विक नावाच्या गावच्या बाजारातून घेतलं. मास्तरांना एकच वेड होतं. स्पेनमधल्या आपल्या कातालान भाषेतल्या कवी-लेखकांनी ज्यावर लिहिलं तो झरा, तो डोंगर, ते खळं शोधून काढायचं आणि ते पान तिथेच उभं राहून मोठ्याने वाचायचं. त्यावर त्यांचा जाडजूड ग्रंथ चालला होता. सोबत येणाऱ्यांना नियम कडक: पान वाचल्याशिवाय घोट नाही. उन्हात माणसं रडकुंडीला येत.

"मास्तर, तुमचा कवी जरा आखूड लिहिता तर काय बिघडलं असतं?" एका मेंढपाळाने विचारलं होतं. तरी तो ऐकत बसला. मी मात्र दमायचे. जन्मभर खांद्यावर लोंबकळणं ही काही चैन नव्हे.

एक पान त्यांनी शेवटी राखलं होतं. ते पाइनच्या एका रानाचं होतं, लहानपणी आईने वाचून दाखवलेलं. ग्रंथ तिथेच संपवायचा होता. त्यांची बायको किमेता दरवर्षी म्हणायची, एकदा जाऊन ये. ते म्हणायचे, रान कुठे पळून जातंय. मग एका उन्हाळ्यात वणवा लागला आणि रान जळून खाक झालं.

पानगळीत दोघंच वर चढली. जुने सोबती थकले होते, काही गेले होते. वर काळे बुंधे आणि राख. मास्तर दगडावर बसले, पुस्तक उघडेनात. "जागा बघा म्हणजे ओळ कळेल, असं मी लोकांना जन्मभर सांगितलं, आता काय दाखवू?" असं पुटपुटत राहिले. मला फार वाईट वाटलं.

किमेताने माझं टोपण काढलं आणि मला हातात धरून बसली.

"वाच. तहान लागलीय मला."

"कुणासाठी वाचू?"

"नियम तुझाच आहे. या वयात तहानेने मारतोस का मला?"

मास्तर वाचू लागले. मध्येच थांबले, पुन्हा वाचू लागले. किमेता डोळे मिटून ऐकत होती.

"आता रान एवढंच उरलंय," ती म्हणाली. "नीट छाप."

ग्रंथ छापला गेला. मास्तरांना आता जिना चढवत नाही, आणि मी खुंटीवर वाळते आहे. मित्रांनो, बुधली कोरडी राहिली की आतली राळ तडकते, मग ती गळतच राहते. म्हणून मला अधूनमधून भरा. आणि तुमच्या गावच्या टेकडीवर कुणी चार ओळी लिहिल्या असतील, तर ती हिरवी आहे तोवर तिथे जाऊन या.