एकदा दाबलं की पोचतं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं बिऱ्हाड बिनलिफ्टच्या इमारतीत, आणि तेही तिसऱ्या मजल्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळे त्याला मेकॅनिक म्हणत. बायको रागात असली की तीही मेकॅनिकच म्हणे, आणि या वर्षी ती बहुतेक वेळ रागातच होती.

कारण होतं रिफंडचं. कंपनीने त्याच्या ओव्हरटाइमवर भरमसाट टॅक्स कापून घेतला होता. तो परत आला की त्याच इमारतीतल्या तळमजल्याच्या घराचं डिपॉझिट भरायचं, असं ठरलं होतं. घर हवं होतं ते आईसाठी. तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून ती रस्त्यावर उतरलीच नव्हती. दिवसभर खिडकीशी बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना टकलांवरून नि भांगांवरून ओळखायची. "वाकड्या भांगाचा आज लवकर सुटला वाटतं," असं ती म्हणे. हा वाकड्या भांगाचा दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेला. त्याचा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता.

डॉक्टर म्हणाले होते, रोज चार पायऱ्या उतरा, चार चढा, वाढवत न्या. मेकॅनिकने ते साफ उडवून लावलं. "पडलीस म्हणजे? एवीतेवी आपण तळमजल्यावर जाणारच आहोत. पैसे आले की झालं." आईने मान डोलावली आणि खिडकीशी जाऊन बसली.

पैसे काही येईनात. मेकॅनिक तोंड धुण्याआधी मोबाइल बघे, जेवताना बघे, कामावर लिफ्टच्या टपावर बसून ग्रीसच्या बोटांनी बघे. स्क्रीनवर एकच वाक्य ठाण मांडून बसलेलं: प्रक्रिया सुरू आहे. कसली डोंबलाची प्रक्रिया! हेल्पलाइन लावली की बासरी वाजायची, मग एक गोड आवाज म्हणायचा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा बासरी. शेवटी शेवटी घरात नुसती बासरी ऐकू आली तरी बायको उठून आत जायची.

पण हातावर हात धरून बसेल तो मेकॅनिक कसला? बचत खात्याचं व्याज दाखवायचं राहिलं होतं, दोन चहा होतील एवढं. त्याने सुधारित रिटर्न भरलं. मग कामावरचा एक जण म्हणाला, अमुक बँकेत पैसे लवकर जमा होतात. त्याने खातं बदलून पुन्हा रिटर्न भरलं. मग तर गड्याने कहर केला. गुडघ्याला बाशिंग बांधून तळमजल्याच्या घराचाच पत्ता टाकला आणि तिसऱ्यांदा सुधारित रिटर्न भरलं. दर वेळी स्क्रीनवर हिरवी खूण उमटायची, 'रिटर्न मिळाले', आणि त्याला वाटायचं, चला, गाडी हलली.

महिना सरत आला. घराच्या मालकीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मऊ पण शब्दाला पक्क्या. "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबते," त्या म्हणाल्या होत्या, "पुढे मला विचारू नका." शेवटच्या दिवशी मेकॅनिक अर्धी रजा टाकून टॅक्स ऑफिसला गेला, तो आधीच तापलेला.

तिथे लिफ्टपाशी टाय लावलेला एक गृहस्थ बटण दाबत होता. दाबलं, वर पाहिलं, पुन्हा दाबलं, मग लागोपाठ ठोकतच सुटला. मेकॅनिकच्या मस्तकात तिडीक गेली.

"अहो साहेब, एकदा दाबलं की पोचतं तिला! दहादा दाबलंत म्हणून काय धावत येणार आहे?"

हे वाक्य त्याने जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. कामावर ऐकवलं, घरी ऐकवलं, बायको दोनदा जेवायला बोलवायची तेव्हाही ऐकवलं. गृहस्थ ओशाळला आणि जिन्याने गेला.

वर टोकन, बाकडी, बंद पडलेला पंखा. नंबर लागला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी डबा नुकताच उघडला होता. तो त्यांनी निमूट झाकला. मेकॅनिकने तोंड सोडलं. गरिबाचे पैसे दाबून बसता, घरात म्हातारी आई आहे, लाज कशी वाटत नाही, असं सगळं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"हे पहिलं रिटर्न. वेळेत आलं होतं, तपासायच्या रांगेत लागलं होतं. मग तुम्ही दुसरं भरलंत."

"व्याज राहिलं होतं ना!"

"ते दाखवायलाच हवं होतं, त्याबद्दल काही नाही. पण सुधारित भरलं की आधीचं बाजूला पडतं आणि नवं रांगेच्या शेवटी जातं. पुढे खात्यासाठी एकदा, पत्त्यासाठी एकदा. त्याला रिटर्न कशाला? खातं नि पत्ता साइटवरच वेगळे बदलता येतात. दर वेळी पुढे पोचत होतात आणि स्वतःच उठून मागे जाऊन उभे राहत होतात."

"आणि व्याजानंतर हात लावला नसता तर?"

"एव्हाना जमा झाले असते."

मेकॅनिकला शिव्या द्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं. "मग आता काय करू?"

"काही करू नका," बाई डबा उघडत म्हणाल्या. "कृपा करून काही म्हणजे काहीच करू नका. दीड-दोन महिने लागतील."

घरी पोचला तर बायको दारातच. "मालकीणबाईंचा फोन आला होता. घर दिलं त्यांनी. नवं लग्न झालेलं जोडपं आहे."

"गुडघे ठणठणीत असतील," मेकॅनिक म्हणाला आणि आईसमोर मटकन बसला. मग ऑफिसला, कंपनीला, बँकेला आणि त्या बासरीवाल्याला यथेच्छ शिव्या घातल्या. सगळ्यांचं झाल्यावर, खाली मान घालून, आपलंही सांगितलं.

आई गुडघा चोळत होती. "पैसे गेले नाहीत, उशिरा येतील. घरंही मिळतात," ती म्हणाली. "पण तू थांबलास तो थांबलास, मलाही थांबवलंस रे. डॉक्टर म्हणाले तेव्हा मला चार पायऱ्या जमत होत्या. आता मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागते."

रिफंडचा रोजचा हिशेब मेकॅनिकने ठेवला होता. आईच्या गुडघ्यांचा ठेवला नव्हता.

"ते स्टूल उचल," आई म्हणाली.

"कुठे?"

"जिन्यात. अर्ध्यावर ठेव. मी तिथवर येते."

त्याने स्टूल पहिल्या वळणावर नेऊन ठेवलं आणि धावत वर आला. आईने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने त्याचा खांदा. पायरी उतरली की दोन्ही पाय जुळवून उभी राही, दम खाई, मग पुढची. कळ आली की ओठ घट्ट मिटून घेई. वळणावर पोचून स्टुलावर बसली तेव्हा घामाने भिजली होती.

खालून कुणीतरी शिट्टी वाजवत चढत आलं आणि तिला पाहून थबकलं. आईने आधी भांग पाहिला, मग सावकाश नजर खाली आणली.

"अगंबाई, तू होय! नाक चांगलं ऐसपैस आहे की रे तुझं."

तो वाकड्या भांगाचा गोंधळून हसला आणि नमस्कार करून आपल्या दारात शिरला.

आईने पुन्हा कठडा धरला. मेकॅनिक एक पायरी पुढे, हात पसरून, उलटा उतरत होता. "सावकाश, आई. कठडा धर. आई, सावकाश. कठडा सोडू नकोस. सावकाश, आई."

"एकदा सांगितलंस," आई म्हणाली. "पोचलं."